मामेसासऱ्यांची रंगीत तालीम

आमच्या मामेसासऱ्यांनी आयुष्यात एकही गोष्ट पहिल्यांदा केली नाही. पहिल्यांदा करायची वेळ येण्याच्या आत ती त्यांनी घरी एकदा करून पाहिलेली असायची, आणि सवड असेल तर दोनदा. माझ्या बायकोचे हे मामा किन्हवलीच्या पुढे, शहापूर-मुरबाड रस्त्यापासून थोडं आत असलेल्या एका गावात राहत. पावसाळ्यात भात, भातामागून वाल, दावणीला चार गुरं आणि डोक्यावर कायम पांढरी टोपी. एवढ्यावरून पाहिलं तर आसपासच्या कुठल्याही शेतकऱ्यासारखाच हा माणूस. पण शहापूरला दाढ काढायला जायचं ठरलं, तेव्हा मामा दोन दिवस ओटीवर तोंड उघडं ठेवून बसले होते. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटलं, मामांचा जबडा अडकला. कुणी तेल घेऊन आलं, कुणी देवऋषाचं नाव सुचवलं, आणि मामा बोटांच्या खुणांनी सांगत राहिले की सराव चाललाय. मुरबाडला कचेरीत कसलासा दाखला काढायचा होता, तर आदल्या दिवशी जाऊन ते कचेरी, कारकून आणि कारकुनाचं टेबल बघून आले. कारकून भला निघाला. म्हणाला, "आलाच आहात तर दाखला घेऊनच जा." मामांनी हात जोडले. "आज मी फक्त बघायला आलोय साहेब. काम उद्या." दुसऱ्या दिवशी कारकून रजेवर होता. हे आम्ही पुढे त्यांना कितीही वेळा ऐकवलं तरी त्यांची श्रद्धा ढळली नाही. उलट ते म्हणत, "आदल्या दिवशी बघून आलो होतो, म्हणून कळलं तरी रिकामी खुर्ची कोणाची हाय ती."

या तालमींत समोरचा माणूस व्हायचं काम नेहमी मामींकडे. मामी डॉक्टर झाल्या, कारकून झाल्या, एकदा तर बैलांचा व्यापारी झाल्या. म्हसा गावच्या जत्रेत बैल घ्यायचा होता. तिथे भाव तोंडाने करत नाहीत, टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरून करतात. तेव्हा मामांनी ओटीवर मामींना समोर बसवलं, हातांवर टॉवेल टाकला आणि बोटं धरली. लग्न झाल्यापासून ही दोघं एकमेकांचा हात धरून बसलेली गावाने तेव्हाच काय ती पाहिली. मामा बोटं दाबून भाव खाली आणायचे, मामी तेवढ्याच शांतपणे तो पुन्हा वर न्यायच्या. दिवेलागण झाली, चहा दोनदा गार झाला, तरी सौदा होईना. शेवटी मामा कळवळून म्हणाले, "आगो, आता दे तरी." मामी म्हणाल्या, "माझा बैल हाय. मला परवडत नाय." मामींनी शेवटपर्यंत बैल दिला नाही. जत्रेतला खरा व्यापारी त्या मानाने फारच मऊ निघाला, असं मामा पुढे कित्येक वर्षं सांगत.

मामांचा खरा धंदा मात्र सोयरिकी जुळवण्याचा. धंदा म्हणायचं एवढंच, त्यात मिळायचं काय तर टोपी, उपरणं आणि पंगतीत पहिलं पान. पण खर्डी-आटगावपासून ते पार टोकावड्यापर्यंत कुणाच्या घरात लग्नाची मुलगी आहे, कुणाचा मुलगा नोकरीला चिकटला आहे, हे त्यांच्या डोक्यात पक्कं असे. आपण आणलेली सोयरीक कधी मोडली नाही, हा त्यांचा एकमेव गर्व, आणि तो ते उघडपणे मिरवत. बैठकीची रीत त्यांना तोंडपाठ. कोण कुठे बसणार, पाणी आधी की सुपारी आधी, मुलीने पोह्यांच्या बशा घेऊन कुठल्या दारातून यायचं, कोणी काय विचारायचं आणि त्यावर मुलीच्या वतीने कोणी काय सांगायचं. नव्वद सालानंतर कधीतरी त्यांच्या घरी फोन बसला तोही या कामासाठीच. फोन वाजला की मामा आधी टोपी नीट करत, मग तंबाखू थुंकून येत, मग ज्या गावचा फोन असेल त्या गावाकडे तोंड करून उभे राहत. तोवर फोन बंद पडे. ओळखीचे लोक म्हणूनच दोनदा फोन करत. पहिला मामांच्या तयारीसाठी, दुसरा बोलण्यासाठी.

अशा घरात माझी मेव्हणी वैजू वाढली. सासरे लवकर गेले, तेव्हापासून माझी सासू आणि वैजू मामांकडेच होत्या. वैजूने शहापूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी केलं. रोज एसटीने जायची, एसटी चुकली तर जीपच्या मागच्या फळीवर बसून जायची. पुढे काय, यावर घरात बरीच बोलणी झाली आणि शेवटी एक तोड निघाली. भाताची झोडणी होईपर्यंत वैजूने नोकरी शोधायची. लागली तर ठीक, नाही लागली तर तुळशीचं लग्न झाल्याबरोबर तिचंही उरकायचं. मुलगाही बघून ठेवलेला होता, खर्डीचा. घरचं दुकान, माणसं चांगली, आणि ही सोयरीक आणली होती अर्थातच मामांनी. वैजूने जिकडे तिकडे अर्ज धाडले. भात पिवळं पडलं, कापणी लागली, आणि तेव्हा कुठे पुण्याच्या एका औषध कंपनीने कळवलं, की प्रयोगशाळेतल्या जागेसाठी तुमची मुलाखत फोनवर घेऊ, अमुक दिवशी सकाळी अकराला घरी थांबा.

वैजू हे वाचून रडायच्याच बेतात होती. एवढी एकच संधी, तीही फोनवर, तीही अर्धी इंग्रजीत. मामा मात्र अशा उत्साहाने उठले की बघणाऱ्याला वाटावं, खर्डीची सोयरीक दुसऱ्याच कुणीतरी आणली आहे. मी तेव्हा मुरबाडच्या एमआयडीसीत नोकरीला होतो, म्हणून मला अनुभवी माणूस या नात्याने बोलावणं आलं. मामांनी विचारलं, "जावई, तुमची मुलाखत कशी झालेली?" मी खरं ते सांगितलं. साहेबाने विचारलं होतं, सोमवारपासून येतोस का. मामांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की माझा अनुभव तिथेच संपला. मग म्हणाले, "राहू दे. मुलाखत म्हंजे तरी काय? पोरगी बघायचाच कार्यक्रम. फक्त पावणे तिकडं बसून बघणार." आणि या एका वाक्यावर त्यांनी पुढची सगळी तयारी उभी केली.

तालमी सुरू झाल्या. मामा गोठ्यात उभे राहून "हॅलो, मी पुण्याहून बोलतोय" म्हणत, आणि वैजू ओटीवर वरवंटा कानाला लावून उत्तरं देई. मामांचे प्रश्न त्यांच्या अनुभवातले होते. नाव काय, कुळ कोणतं, भावंडं किती, स्वयंपाक येतो का. वैजू वैतागून म्हणाली, "मामा, कंपनीला माझा स्वयंपाक काय करायचाय?" गोठ्यातून उत्तर आलं, "डबा कोण करून देणार गो तुला पुण्यात?" आमच्याच कंपनीत का यायचंय, हा प्रश्न येणारच असं मी सुचवलं, तर मामांनी उत्तर तयार करून दिलं, "आपलं घराणं चांगलं, असं ऐकून हाय." मी म्हटलं, मामा, घराणं नाही, कंपनी म्हणा. ते म्हणाले, एकच. त्या दिवशी वैजूने चांगली साडी नेसायची असंही ठरलं. ती म्हणाली, फोनवर दिसत नाही. "दिसत नाय, पण कळतं," मामा म्हणाले. "माणूस काय नेसून बोलतंय ते आवाजात येतं." आता मागे वळून पाहताना वाटतं, सगळ्या तयारीत एवढं एक वाक्य खरं शहाणपणाचं होतं. पण त्यावरही मी तेव्हा हसलोच.

मुलाखतीच्या दिवशी मी सकाळीच पोचलो. मामांच्या सांगण्यावरून कल्याणहून नवा फोन आणला होता, बटण दाबलं की सगळ्यांना ऐकू येईल असा. तो कशासाठी हवा होता, ते ओटीवर पाय ठेवताच कळलं. सतरंजी अंथरलेली, पानसुपारीचं तबक मांडलेलं, आणि भिंतीला टेकून गावातली चार वडीलधारी माणसं धुतलेल्या कपड्यांत बसलेली. चौघांच्या देखत झाल्याशिवाय कुठलंही बोलणं पक्कं होत नाही, हा मामांचा नियम. वैजूची खुर्ची माळशेजच्या दिशेला तोंड करून ठेवली होती, कारण पुणं त्या डोंगरांच्या पलीकडे. आतून पोह्यांच्या फोडणीचा वास येत होता. मी विचारलं, "मामा, बघणारे पुण्यात, मग पोहे कोणाला?" ते म्हणाले, "घरात वास आला पायजे, जावई. त्याशिवाय पोरीला वाटायचं कसं की आज कायतरी हाय?" वैजू साडी नेसून, हातरुमाल मुठीत आवळून बसली होती. तिच्याकडे बघून मात्र माझं हसू मावळलं. पोरगी पांढरीफटक पडली होती.

अकरा वाजून गेले आणि फोन वाजला. मामांचा हात सवयीने टोपीकडे गेला. टोपी सारखी करून ते तंबाखू थुंकायला उठले, पण पुण्याची माणसं दोनदा फोन करणारी नव्हती. वैजूचा हात जागचा हलेना. तेवढ्यात आतून मामी आल्या, ओला हात पदराला पुसला, बटण दाबलं आणि म्हणाल्या, "हॅलो, बोला. पोरगी बसली हाय." आणि आल्या तशा आत गेल्या.

पलीकडे एक बाई होत्या. आवाज मऊ, पण कामाचा. त्यांनी इंग्रजीत विचारलं, वैजू अडखळली. मग त्यांनी मराठीत विचारलं, आणि प्रयोगशाळेची गोष्ट निघाल्यावर वैजूला सूर सापडला. पाण्यातला क्षार कसा तपासतात, काचेच्या नळीतून थेंब कधी थांबवायचा, हे ती असं सांगायला लागली की भिंतीकडची चार माणसं कळत नसूनही माना डोलवू लागली. आमच्याच कंपनीत का, याला तिने "आपलं घराणं" एवढं म्हटलं, जीभ चावली आणि पुढचं बरोबर सांगितलं. सगळं सुरळीत चाललं होतं. मग बाईंनी विचारलं, "पगाराची तुझी काय अपेक्षा आहे?"

इथे मामांचा तीस वर्षांचा सराव उसळून वर आला. देण्याघेण्याचं बोलणं मुलीला विचारतात, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. ते ताडकन उभे राहिले आणि माळशेजकडे तोंड करून म्हणाले, "देण्याघेण्याचं आपण बसून बोलू, बाई. पोरीला त्यात घालू नका."

वैजूने डोळे मिटले. मग पलीकडून आवाज आला, "कोण बोलतंय?" मामा म्हणाले, "मी पोरीचा मामा." "आणखी कोण आहे तिथे?" वैजूने रडवेल्या आवाजात खरं ते सांगून टाकलं, "आई, मामी, भावोजी आणि गावातली चार माणसं." मला वाटलं, संपलं. घरात पोह्यांचा वास होताच, आता खर्डीची माणसं तेवढी बोलवायची राहिली. पण त्या बाई हसल्या. मोकळं हसल्या आणि म्हणाल्या, "मामा, सगळ्यांना माझा नमस्कार सांगा. आता थोडा वेळ मी एकट्या वैजयंतीशीच बोलते, चालेल ना?" मामांनी टोपी काढली आणि मुकाट्याने सतरंजीवर बसले. बाई म्हणाल्या, "वैजयंती, माझं विचारून झालं. आता तुला आम्हाला काही विचारायचंय का?"

या प्रश्नाची तालीम झाली नव्हती. गोठ्यातून मामांनी सगळं विचारलं होतं, हे विचारलं नव्हतं, आणि अनुभवी माणूस म्हणून मीही सांगायचं विसरलो होतो. वैजूने मामांकडे पाहिलं. मामा त्या फोनकडे पाहत होते, जणू त्यातून कुणीतरी बाहेर येऊन बसलं आहे. मग त्यांनी मान वर केली आणि हळूच म्हणाले, "इचार गो." वैजूने विचारलं, मुलींच्या राहण्याची सोय कुठे असते. मग जरा थांबून, आणखी खालच्या आवाजात, नोकरी करून पुढे एमएस्सीला बसायचं असेल तर बसू देतात का. तिला आणखी शिकायचंय, हे त्या घरात त्या दिवसापर्यंत कोणालाही माहीत नव्हतं. आम्ही कोणी तिला विचारलंच नव्हतं.

पोहे गावकऱ्यांनी खाल्ले. "बाई सरळ वाटली, सोयरीक करायला हरकत नाय," असा निकाल देऊन ते उठले. संध्याकाळी मी निघालो तेव्हा मामा फाट्यापर्यंत सोडायला आले आणि एकदम म्हणाले, "जावई, त्या बाईंनी पोरीला इचारलं, तुला काय इचारायचंय म्हणून. समदीकडं इचारतात तसं?" मी म्हटलं, "हो मामा, पद्धतच आहे ती." एसटी आली तेव्हा मामा म्हणाले, "चांगली पद्धत हाय. आमच्यात नाय."

झोडणी अर्ध्यावर आली असताना पुण्याचा फोन आला. घरात मामा आणि मामी दोघंच होती. मामी सांगतात, त्या दिवशी त्यांनी टोपी नीट केली नाही, तंबाखू तोंडातच ठेवला आणि पहिल्या घंटीला फोन उचलला. नोकरी लागली होती. मामा तसेच खळ्याकडे पळत गेले. आता खर्डीला जाऊन नकार सांगायचा राहिला. आपण आणलेली सोयरीक पहिल्यांदाच मोडायची, तीही आपल्याच तोंडाने. त्यासाठी मामांनी मामींना मुलाचा बाप करून बरीच तालीम केली, आणि मी सोबत होतो म्हणून सांगतो, ती सगळी खर्डीच्या ओटीवर बसल्याबरोबर विसरले. "पोरगी पुण्याला नोकरीला चालली. तिला शिकायचंय. आमी तिला आधी इचारलं नाय, ही आमची चूक," एवढंच बोलून हात जोडले. मुलाचे वडील समजूतदार होते. चहा पाजूनच त्यांनी आम्हाला सोडलं.

त्यानंतर मामांच्या बैठका बदलल्या. सगळं बोलून झालं, सुपारी फोडायची वेळ आली, की मामा हात वर करत आणि म्हणत, "थांबा. आता पोरगी इचारील." पहिली मुलगी नुसतीच लाजून आत पळाली. दुसरीने विचारलं, घरात संडास आहे का, आणि तो बांधून होईपर्यंत लग्न पुढे गेलं. तिसरीने मुलाला सरळ विचारलं, दारू पिता का, तर मुलाच्या काकांनाच ठसका लागला. ती सोयरीक मोडली. आणखी काही मोडल्या. हळूहळू मुलांकडची मंडळी मामांना टाळू लागली, फोन कमी झाले, पंगतीतलं पहिलं पान दुसऱ्याकडे गेलं. मी एकदा म्हटलं, "मामा, तुमचा एवढा नावलौकिक होता." ते म्हणाले, "मोडतात त्या ओटीवर मोडतात, जावई. घरात गेल्यावर मोडण्यापरीस बरं."

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी मी गेलो होतो. वैजू एमएस्सी होऊन, पुण्यातच स्वतः बघून, विचारून लग्न करून मोकळी झाली होती. मामा थकले होते. मामी वाल सोलत बसल्या होत्या आणि मामा मला कुठल्याशा बैठकीची हकिगत सांगत होते. मध्येच मामी मान वर न करता म्हणाल्या, "अख्ख्या तालुक्याच्या पोरींना इचारायला लावलंत. मला इचारलंत कदी?" मामा थांबले. मग सावरून बसले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "इचार गो." मामींनी हातातला वाल सोलून टोपलीत टाकला. "आमच्याकडं यायच्या आधी तुमी आणखी दोन घरं बघून आलेले. मंग मलाच का हो म्हणलात?"

आयुष्यात पहिल्यांदाच मामांसमोर अशी गोष्ट आली होती, जी त्यांनी आधी करून पाहिलेली नव्हती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण मी तरी काय सुचवणार. शेवटी म्हणाले, "उद्या सांगतो." मामी हसल्या. "सांगा. घाई नाय."

मामा गेले त्याला आता काही वर्षं झाली. त्यांच्या वर्षश्राद्धाला गेलो होतो, तेव्हा पानं उठल्यावर मी मामींना विचारलं, की मामांनी त्या प्रश्नाचं उत्तर दिलं का. ओटीवर तोच फोन होता, पण त्याची तार कधीच काढून ठेवलेली. मामी म्हणाल्या, "देत होते ना. रोज सकाळी चहाला एक नवीन उत्तर. कदी म्हणायचे तुझा आवाज ऐकला, कदी म्हणायचे तुझ्या हातचं पाणी गोड लागलं. मी म्हणायची, अजून बरोबर नाय, उद्या पुन्हा सांगा." मी विचारलं, "मग बरोबर उत्तर कुठलं होतं?" मामींनी पदराने डोळे पुसले. "सगळीच बरोबर होती. पण मी हो म्हणले असते, तर ते दुसऱ्या दिवशी सांगायला बसले असते का?"